रीड होत नाहीये

जुना वायरलेस सेट विकणारा माणूस कधीही खोटे बोलत नाही. "चालू आहे साहेब, प्रोग्रॅमिंग करून घ्या की झालं," एवढेच तो सांगतो आणि त्यातले अक्षर न् अक्षर खरे असते. नॉब फिरवला की दिवा लागतो, 'टूंक' असा आवाज होतो, कमरेला अडकवायची क्लिपसुद्धा शाबूत असते. सेटच्या पोटात एखाद्या कधीच बंद पडलेल्या हॉटेलची नाहीतर पुऱ्या झालेल्या बांधकामाची फ्रिक्वेन्सी आहे, ती काढून तिथे आपली घालायची आणि त्यासाठी संगणकाला त्या सेटशी बोलते करायचे, एवढेच काय ते उरलेले असते. हे उरलेले काम पुरे करता करता माणसांचे केस पांढरे झालेले मी पाहिले आहेत.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्यांत, हे सेट कधी जोडीने तर कधी पोत्याने येतात. त्यांच्याकडे नुसते बघून पुढे जाणारे लोक शहाणे. थांबून, उचलून, बॅटरी काढून, मागचा मॉडेल नंबर चष्मा कपाळावर चढवून वाचणारा जो असतो, तो हॅम.

हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन 'व्हीयू२' किंवा 'व्हीयू३'ने सुरू होणारे स्वतःचे कॉल साइन मिळवलेला हौशी रेडिओवाला. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने असा संच नुसता कपाटात ठेवायलाही परवाना लागेल असे ठरवून टाकले. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या वॉकीटॉकींना त्यातून सूट दिली. पण जुन्या बाजारातला सेट त्या सुटीत बसत नाही. त्यामुळे हॅमच्या घरी परवान्याच्या झेरॉक्स प्रती लग्नाच्या फोटोंपेक्षा जास्त असतात आणि त्या जास्त जपूनही ठेवलेल्या असतात.

आता कुणी विचारेल, की नवाकोरा चिनी हँडी मिळत असताना ही उसनी दुखणी कशाला? याला एकच उत्तर आहे. वजन. मोटोरोलाचा जीएम३०० किंवा जीपी३३८ हातात घेतला की कळते, की हा सेट बनवताना कुणी पैशांकडे पाहिलेले नाही. जीपमध्ये, बंदरावर, अग्निशमनाच्या गाडीवर बारा-बारा तास वापरायला तो बनवलेला. चिनी हँडी हातातून पडला की आपण हँडी उचलून पाहतो. हा पडला की फरशी पाहतो. अमेरिकेत तर १ जानेवारी २०१३ पासून व्यावसायिक सेटना २५ किलोहर्ट्झऐवजी १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात बोलण्याची सक्ती झाली. ज्यांना अरुंद होणे जमत नव्हते असे धडधाकट जुने सेट रातोरात निकामी ठरले आणि तिथल्या हॅम मंडळींनी ते ढिगाने उचलले. अमेरिकेतला असो की अप्पा बळवंत चौकातला, हॅमचा स्वभाव एकच.

पूर्वी ही संगणकाची भानगड नव्हती. सत्तरच्या दशकातल्या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी बदलायची म्हणजे नवा क्वार्ट्झ क्रिस्टल हव्या त्या मापाने कापून मागवायचा, बोलायला एक आणि ऐकायला एक, आणि टपालाकडे डोळे लावून बसायचे. मग सेटच्या पोटात पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी आली. तिच्यात भरायच्या माहितीला मोटोरोलावाले 'कोडप्लग' म्हणतात. क्रिस्टलला आठवडे लागत, आता काम काही सेकंदांत होते. ती सेकंदे येईपर्यंत मात्र आठवडे लागतात.

सिद्धांत सोपा आहे. केबलचे एक टोक सेटला, दुसरे संगणकाला. 'रीड' दाबायचे, सेटमधले सगळे पडद्यावर येते. हवे ते बदलायचे आणि 'राइट' दाबायचे. प्रत्यक्षात 'रीड' दाबल्यावर पडद्यावरची पट्टी शून्य टक्क्यावर विचार करत बसते आणि शेवटी कळवते, की रेडिओकडून उत्तर आले नाही, जोडणी तपासा. केबलला टोके दोनच. दोन्ही जागेवर आहेत हे आपल्याला दिसते आहे. तरीही आपण दोन्ही काढतो, त्यांच्यावर फुंकर मारतो आणि पुन्हा बसवतो. फुंकर मारून दुरुस्त झालेली वस्तू मी अजून पाहिलेली नाही, पण फुंकर न मारणारा माणूसही पाहिलेला नाही.

खरी गोम केबलच्या पोटात असते. जुन्या संगणकाचा सिरियल पोर्ट उणे बारा ते अधिक बारा व्होल्टच्या भाषेत ओरडतो. सेट आत पाच व्होल्टवर हळू बोलतो. दोघांना थेट जोडले तर सेट बहिरा होण्याची शक्यता जास्त, म्हणून मध्ये मॅक्स२३२ नावाची चिप असलेली डबी लागते. पूर्वी ही डबी वेगळी, चांगली मुठीएवढी असे. आता ती केबलच्या टोकातल्या प्लास्टिकमध्ये मावते, आणि ते प्लास्टिक कापल्याशिवाय आत चिप आहे की नुसताच डिंक हे कळत नाही. शिवाय पुष्कळ सेटमध्ये पाठवायला आणि घ्यायला एकच तार असते. त्यामुळे संगणक "कोण आहे?" म्हणाला की त्याला स्वतःचेच "कोण आहे?" परत ऐकू येते. सॉफ्टवेअरला हा प्रतिध्वनी गाळून उरलेले ऐकावे लागते. उरलेले काहीच नसेल तर दोष सेटचा, तारेचा की चिपचा, हे ते सांगत नाही. ते आपले 'जोडणी तपासा' म्हणून मोकळे होते.

आजच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही. म्हणून यूएसबीवाली केबल येते आणि तिच्याबरोबर ड्रायव्हर येतो. इथून पुढची गंमत मात्र कुणी मुद्दाम रचली असती तरी इतकी जमली नसती. या केबलींत पीएल२३०३ नावाची चिप असते, म्हणजे तसे तिच्यावर छापलेले असते. नकलांचा इतका सुळसुळाट झाला, की मूळ कंपनीने नव्या ड्रायव्हरला नकली आणि जुन्या, दोन्ही चिपा ओळखून नाकारायला शिकवले. आधी 'कोड १०' एवढाच त्रोटक निरोप येई. पुढे ड्रायव्हर मोकळेपणाने बोलू लागला. विंडोजच्या यादीत जिथे उपकरणाचे नाव असायला हवे, तिथे नावाच्या जागीच लिहून येते, की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, कृपया आपल्या पुरवठादाराशी संपर्क साधा. नकली असेल तर तेही तितकेच ठणकावून: ही आमची चिप नव्हे, कृपया पुरवठादाराशी संपर्क साधा. आपला पुरवठादार रविवारी गोणपाट अंथरून बसलेला असतो. त्याच्या एका बाजूला नळाच्या तोट्या आणि दुसऱ्या बाजूला कुणाची तरी दातांची कवळी असते. त्याच्याशी संपर्क साधायचा तर बुधवारची वाट पाहावी लागते आणि साधला तरी तो म्हणतो, "चालू आहे साहेब."

एफटीडीआय या दुसऱ्या चिपवाल्यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये याच्याही पुढे मजल मारली. विंडोजच्या अपडेटमधून आलेला त्यांचा ड्रायव्हर नकली चिपेचा ओळख क्रमांक पुसून तिथे शून्य लिहू लागला. काल चालणारी केबल आज जगातल्या कुठल्याच संगणकाला ओळखू येईना. ओरड झाली, ड्रायव्हर मागे घेतला गेला. मला तरी त्यात कंपनीचे फारसे चुकले असे वाटत नाही. चुकले ते एवढेच, की शिक्षा भोगणाऱ्याला आपण नकली माल घेतल्याचा पत्ताच नव्हता.

ड्रायव्हरची समजूत पटली की पोर्टचा नंबर निघतो. जुन्या सॉफ्टवेअरला कॉम १ ते कॉम ४ एवढेच पोर्ट ठाऊक. विंडोज आपल्या केबलीला उदार मनाने कॉम १७ देते, कारण आधीचे सगळे नंबर कधीकाळी जोडलेल्या आणि आता घरात कुठेही नसलेल्या वस्तूंच्या नावावर राखून ठेवलेले असतात.

अशा वेळी सल्लागार जमतात. आजाऱ्याला भेटायला आलेली मंडळी जसा आपापला काढा सुचवतात, तसा इथे प्रत्येकाचा एक उतारा असतो आणि तो पूर्वी कुणाला तरी लागू पडलेला असतो. "जुना ड्रायव्हर टाक." "दुसऱ्या बाजूचा यूएसबी वापर." "अँटिव्हायरस बंद कर." "मागच्या पट्ट्यांवर हिरवं चढलंय, खोडरबर घास." यातला खोडरबर पुष्कळदा खरोखर लागू पडतो, पण तो सगळ्यांत स्वस्त असल्यामुळे सगळ्यांत शेवटी करून पाहिला जातो. एक जण हमखास म्हणतो, "माझ्याकडे एका झटक्यात रीड झाला होता." त्याचा उपयोग काय असतो हे मला अजून समजलेले नाही.

मला विचाराल तर पहिला उपाय टाचणीचा. नऊ पिनांच्या सिरियल प्लगमधली दोन नंबरची आणि तीन नंबरची पिन टाचणीने जोडायची, हायपरटर्मिनलसारखा कुठलाही साधा प्रोग्रॅम उघडायचा आणि काहीतरी टाईप करायचे. लिहिलेले परत पडद्यावर उमटले तर तिथपर्यंतचा संगणक, ड्रायव्हर आणि पोर्ट निर्दोष. गुन्हेगार पुढे आहे. नाही उमटले तर सेटला शिव्या देणे थांबवावे, त्याच्यापर्यंत अजून कुणी पोचलेलेच नाही. या चाचणीला एक पैसा लागत नाही. म्हणूनच बहुधा ती कुणी करत नाही.

चिनी हँडींचे दुखणे वेगळे. त्यांचा दोन पिनांचा प्लग नुसता आत गेला म्हणून गेला असे नसते. तो शेवटचा 'टक' होईपर्यंत दाबावा लागतो, आणि कित्येक केबलींचे प्लास्टिक आधीच सेटच्या अंगाला टेकते. मग कटरने ते थोडे तासायचे. या हँडींसाठी आणि इतरही अनेक सेटसाठी 'चर्प' नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. डॅन स्मिथ या अमेरिकन हॅमने ते २००८ मध्ये सुरू केले आणि जगभरच्या हौशी मंडळींनी वाढवले. रीड करण्याआधी ते सूचनांची एक पाटी दाखवते: केबल घट्ट बसली आहे ना पाहा, कुणी बोलत नसलेल्या चॅनलवर ठेवा, आणि आवाज कदाचित शंभर टक्के करावा लागेल. या शेवटच्या वाक्यावर हसून आवाज बारीक ठेवणारे पुष्कळ. पण काही हँडी खरोखरच मोठ्याने बोलायला लावल्याशिवाय संगणकाला ऐकू येत नाहीत.

पण खरा मान जुन्या डॉसवाल्या सॉफ्टवेअरचा. ते फ्लॉपीवर येत असे, आणि त्याची एकच तक्रार असते: तुमचा संगणक फार वेगवान आहे. त्या काळी किती वेळ थांबायचे हे काही प्रोग्रॅम घड्याळ पाहून नव्हे तर स्वतःशी आकडे मोजून ठरवत. ३८६ संगणकावर शंभरपर्यंत मोजायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात सेट उत्तर देई. आजचा संगणक शंभरपर्यंत इतक्या लवकर मोजतो, की सेटने तोंड उघडायच्या आत तो "उत्तर नाही" म्हणून निघून जातो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम तर २०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पेंटियमवरच सुरू होताना 'रनटाइम एरर २००' म्हणून अंग टाकत. त्या एररचा अर्थ शून्याने भागाकार. वास्तविक उत्तर इतके मोठे आलेले असे, की ते ठेवायला जागा नसे. यावर 'मोस्लो' नावाचा प्रोग्रॅम निघाला. तो संगणकाला मुद्दाम मंद करतो. दुकानदाराने ज्या वेगाची स्तुती करून आपल्याकडून पैसे घेतले, तो वेग काढून टाकायला आपण दुसरा प्रोग्रॅम चालवायचा.

म्हणून हॅम मंडळींत सिरियल पोर्ट असलेला म्हातारा लॅपटॉप ज्याच्याकडे आहे, त्याच्या शब्दाला वजन असते. आमच्याकडे असे एक काका आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टने तिच्याकडे ८ एप्रिल २०१४ रोजी पाठ फिरवली, काकांनी नाही. त्यांना फोन केला की संभाषण ठरलेले असते.

"काका, लॅपटॉप मोकळा आहे का?"

"सेट कुठला?"

"जीएम तीनशे."

"ये घेऊन. पण झाकण निम्मंच उघडायचं, बिजागरी गेलीय. तारीख २००२ दाखवेल, ती तशीच राहू दे. आणि पेन ड्राइव्ह लावशील तर बघ."

त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, 'ई'चे बटण उडालेले आहे, आणि त्यांच्या नातवाला तो भंगारात द्यायचा आहे. पण त्याच्यावर 'रीड' दाबले की पट्टी शून्यावर थांबत नाही. ती मंद, पण न अडखळता शंभरापर्यंत जाते. त्या वेळी खोलीत कुणी बोलत नाही. काका तेवढे म्हणतात, "सेव्ह केलंस का आधी? पहिलं सेव्ह." हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. सेटमधले मूळ जसेच्या तसे साठवल्याशिवाय त्यात एक अक्षर लिहू नये. आणि लिहिताना हँडीची बॅटरी भरलेली असावी. अर्ध्या 'राइट'मध्ये ती गेली, की आत अर्धे हॉटेल आणि अर्धे आपण असा सेट उरतो, त्याचा चेकसम, म्हणजे आतल्या माहितीची पडताळणी करणारी बेरीज, जुळत नाही आणि तो नुसता लांबलचक 'बीऽऽप' करत बसतो.

काही सेट मूळ गाव विचारतात. आशियात जीपी३३८ म्हणून विकल्या गेलेल्या सेटचे भाऊबंद युरोपात जीपी३४०, जीपी३८० आणि अमेरिकेत एचटी७५० किंवा एचटी१२५० या नावांनी नांदले. घराणे एक, बांधा एक, पण एका खंडाचे सॉफ्टवेअर दुसऱ्या खंडाच्या सेटला ओळख देत नाही. सगळे जुळले तरी फ्रिक्वेन्सीची हद्द आडवी येते. जीएम३०० ची एक जात १४६ ते १७४ मेगाहर्ट्झची आहे, आणि भारतीय हॅमचा दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६. म्हणजे आपली जमीन जिथे संपते तिथे याची सुरू होते. १४५ टाकले की सॉफ्टवेअर हद्द ओलांडल्याचे सांगते. त्याच्या काही आवृत्त्यांत मात्र शिफ्टचे बटण दाबून धरून आकडे टाईप केले, की पडद्यावर उद्गारचिन्हे आणि डॉलर उमटतात आणि फ्रिक्वेन्सी मुकाट्याने स्वीकारली जाते. ही युक्ती ज्याने शोधली तो नक्की रागाच्या भरात कीबोर्डवर मुठी आपटत असणार.

आणि एकदा सगळे वाचता आले, की सेटचे पूर्वायुष्य पडद्यावर उलगडते. 'मेन गेट', 'बँक्वेट', 'लाँड्री', 'जीएम सर'. एका चॅनलला नुसतेच 'प्रायव्हेट' असे नाव होते. त्यावर कोण कुणाशी काय बोलत असेल याचा विचार करण्यात आमची अर्धी संध्याकाळ गेली. अर्थात ती चॅनल कुतूहलापुरती वाचायची आणि पुसून टाकायची. दुसऱ्याच्या परवान्याच्या फ्रिक्वेन्सीवर "हॅलो, टेस्टिंग" म्हणणे हा विनोद नव्हे, गुन्हा आहे.

मग आपले चॅनल भरून, 'राइट' मारून, सेट उचलून आपण रिपीटरला, म्हणजे आपला आवाज झेलून पुढे पाठवणाऱ्या केंद्राला, हाक घालतो. ऐकू सगळे येते, आपले मात्र कुणाला ऐकू जात नाही. कारण पुष्कळ रिपीटरना आपल्या आवाजाखाली एक बारीक सूर लागतो. तीनशे हर्ट्झच्या खालचा, उदाहरणार्थ ८८.५ चा. तो टोन टाकला नसेल तर रिपीटर आपल्याला ओळख दाखवत नाही. आणि तोच टोन चुकून ऐकण्याच्या बाजूला टाकला, पण रिपीटर तो परत पाठवतच नसला, तर आपला सेट ठार मुका होतो आणि सगळे प्रकरण पुन्हा केबलीवर येते.

जुन्या मालकाची एक गोष्ट मात्र मी सहसा बदलत नाही. हॉटेलवाल्यांनी सेटमध्ये टाइम-आउट टायमर लावून ठेवलेला असतो. बटण दाबून तीस सेकंद झाली की सेट चिडका सूर काढतो आणि बोलणाऱ्याला तोडतो. लाँड्रीवाल्याने चादरींची संख्या सांगावी आणि थांबावे, एवढाच त्यामागचा हेतू. आमच्या रविवार सकाळच्या गप्पांत, जिथे 'थोडक्यात सांगतो' म्हणून सुरू झालेला माणूस स्वतःच्या पहिल्या अँटिनापर्यंत मागे जातो, तिथे या टायमरने जे काम केले आहे ते कुठल्याही अध्यक्षाला जमलेले नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या माळ्यावर एखादा जाड, जड, मागे नऊ पिनांचा पोर्ट असलेला लॅपटॉप पडला असेल, तर तो भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. आपल्या शहरातला हॅम शोधा. तो तुमच्या दारी येऊन लॅपटॉप घेऊन जाईल, चार्जर आहे का विचारील, आणि नसला तरी घेऊन जाईल.